सगळं बिल एका ओळीत बसवू नका: नव्या प्रोग्रामरसाठी, नमकीनच्या दुकानावरून

हा लेख त्या पोरापोरींसाठी आहे जे नुकते कॉलेजातून निघून इंदूरच्या विजयनगरमधल्या एखाद्या आठ-दहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेत, किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कॅम्पसमधे ट्रेनिंग करतायत. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणी नवीन ॲप बनवायला देत नाही. "हा जुना कोड आहे, यात एवढं जरा बदलून दे" असंच काम येतं, आणि तो जुना कोड ज्याने लिहिला तो पुण्याला नाहीतर बंगळूरला निघून गेलेला असतो. मग कळतं की कोड चालणं वेगळं आणि तो दुसऱ्याला वाचता येणं वेगळं, आणि कॉलेजात आपल्याला फक्त पहिल्याचेच मार्क मिळत होते.

मी उदाहरण एकच घेणार आहे आणि शेवटपर्यंत तेच ओढणार आहे, कारण दहा सुटी उदाहरणं वाचली की सगळं पटतं पण हाताला काही लागत नाही. आणि इंदुरात बसून बिलिंगचा कोड शिकायचा तर नमकीनच्या दुकानाशिवाय दुसरं काय घेणार! धरून चला की दुकानात दोन तऱ्हेचा माल विकला जातो: तोलून दिलेली सुटी शेव, आणि पॅक करून लेबल लावलेलं मिक्श्चर. जीएसटीत हा फरक खरंच होता. लेबल लावलेल्या पॅक नमकीनवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के आणि सुट्यावर ५ टक्के, मग २२ सप्टेंबरपासून पॅकचाही ५ झाला. म्हणजे एका रात्रीत गावातल्या सगळ्या नमकीनवाल्यांचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं, आणि ज्यांचा कोड खालच्यासारखा होता त्यांची ती रात्र लांबली.

कोडच्या ओळी मी इथे बोलल्यासारख्या देवनागरीत लिहितोय, तुम्ही एडिटरमधे नेहमीसारखं टाईप करा. भाषा पायथन.

टी = राउंड(सम(पी*क्यू*(१.०५ इफ एल एल्स १.१२) फॉर पी,क्यू,एल इन आय) - (डी ऑर ५))

एक ओळ. ज्याने लिहिली त्याला तेव्हा नक्की भारी वाटलं असेल, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघताना आपल्यालाही वाटतं की अरे वा, अख्खं बिल एका ओळीत. आता थोडा वेळ इथे थांबा आणि यात किती चुका आहेत ते शोधा. चालते ही ओळ, एरर देत नाही, आणि बहुतेक बिलं बघून बरोबरच वाटतात. म्हणूनच ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

हात लावायच्या आधी

नवा माणूस इथे घाई करतो. असला कोड दिसला की आधी साफ करायला घ्यायचा मोह होतो, मग संध्याकाळी दुकानातून फोन येतो की भिया बिल चुकीचं येतंय, आणि आता चूक जुनी होती की आपण घातली तेच सांगता येत नाही. म्हणून आधी आत्ता जे आहे ते जसंच्या तसं गिटमधे कमिट करा. (गिट म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल, आणि अशी एक नोंद म्हणजे कमिट. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मधे ते बनवलं लिनक्सच्या कोडसाठी, पण दोन फायलींच्या प्रोजेक्टलाही ते तेवढंच कामाचं आहे. "फायनल२_नवीन_खरं" अशा नावाचे फोल्डर बनवत असाल तर आजच सोडा.)

मग खऱ्या बिलांतली थोडी बिलं उचला. वेगवेगळी घ्या: फक्त सुटा माल, फक्त पॅक, दोन्ही, सूट असलेलं, सूट शून्य असलेलं, पन्नास पैशांवर अडकणारं. प्रत्येकाचं आत्ताचं कोड जे उत्तर देतं ते एका टेस्टमधे लिहून ठेवा. उत्तर चुकीचं वाटलं तरी आत्ता तेच लिहा, फक्त शेजारी "हे संशयास्पद" अशी खूण करा. आपल्याला आधी एवढंच हवंय की कोडचं रूप बदलताना उत्तर बदलू नये.

आणि एक नियम इथेच ठरवून टाका. इंदुरात राहता, ओला कचरा आणि सुका कचरा एका डब्यात गेला की गाडीवाला काय म्हणतो ते ठाऊक आहे, तर कोडचं रूप सुधारणं आणि कोडची चूक सुधारणं ही दोन कामं एका कमिटमधे कधीच टाकू नका. पुढे बिल बिघडलं तर कोणत्या कमिटने बिघडवलं ते एका नजरेत कळलं पाहिजे.

पहिलं काम: नावं

टी, पी, क्यू, एल, आय, डी. यातलं एल बघा, स्मॉल एल एडिटरमधे १ या आकड्यासारखं दिसतं, इतकं की पायथनची जी स्टाईल गाईड आहे, पेप ८, २००१ पासूनची, तिच्यात साफ लिहिलंय की स्मॉल एल, कॅपिटल ओ आणि कॅपिटल आय ही एकेका अक्षराची नावं वापरू नका. पण ते सोडा. इथे एल म्हणजे "सुटा आहे का", इंग्रजी लूजचा एल. हे मी सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं, कोडमधे कुठेच लिहिलेलं नाही.

क्यू तर त्याहून वाईट आहे. सुट्या शेवेसाठी क्यू म्हणजे किलो, अर्धा किलो घेतली तर ०.५. पॅकसाठी क्यू म्हणजे पाकिटांची संख्या, दोन पाकिटं तर २. गणित दोन्हीकडे चालतं कारण भावही तसाच दिलाय, किलोचा किंवा पाकिटाचा. मग एक दिवस नवा काटा येतो, तो वजन ग्रॅममधे पाठवतो, क्यूमधे ५०० येऊन पडतात आणि अर्धा किलो शेवेचं बिल हजारपट येतं. हे तरी बरं, कारण एवढं मोठं बिल कोणाच्याही डोळ्यात भरतं. छोटी गडबड असती तर महिनाभर गेली असती. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मधे मंगळाजवळ पोचून हातातून गेलं ते एककांच्याच घोळामुळे, एका सॉफ्टवेअरने आकडा पाउंड-सेकंदात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. आकडा दोघांकडे तोच होता. एकक नावात लिहायला काही पैसे पडत नाहीत: वजन_ग्रॅम, पाकीट_संख्या, भाव_प्रति_किलो, रक्कम_पैसे. लांब वाटतात, पण एडिटर दोन अक्षरांनंतर नाव स्वतःच पुरं करून देतो, म्हणून टायपिंगचं कारण सांगू नका.

हो-नाहीचं व्हेरिएबल असेल तर नाव प्रश्नासारखं ठेवा, सुटा_आहे_का. "फ्लॅग" हे नाव ठेवलेलं दिसलं की समजायचं की लिहिणाऱ्याला स्वतःलाच नक्की नव्हतं. डेटा, टेंप, ऑब्ज, न्यू२ याच जातीतले.

बाकी लहान नावं सगळीच वाईट नसतात. तीन ओळींच्या लूपमधे आय असेल तर कोणी मरत नाही, गणिताच्या सूत्रात एक्स आणि वाय बरोबरच आहेत. नाव जेवढ्या लांबवर वापरलं जातं तेवढं ते स्पष्ट हवं, हा अंदाज मला पुरतो.

आमच्याकडचा एक खास त्रास सांगून पुढे जातो. टीममधे अर्धी पोरं मराठी घरातली, अर्धी हिंदी, त्यामुळे एका फायलीत शेव_भाव आणि दुसरीत सेव_भाव, आणि तिसऱ्या कोणी तरी इंग्रजीत स्नॅक_रेट. सर्च मारला की एक-तृतीयांशच सापडतं. पायथन ३ मधे व्हेरिएबलचं नाव खऱ्याखुऱ्या देवनागरीतही चालतं, गंमत म्हणून करून बघा, पण टीमने एक भाषा आणि एक स्पेलिंग ठरवून भिंतीवर लावलेलं बरं.

दुसरं काम: आकड्यांना नाव द्या, दराला तारीख द्या

१.०५ आणि १.१२. हे जीएसटीचे दर आहेत हे वाचणाऱ्याने ओळखायचं. आता २२ सप्टेंबरच्या आदल्या रात्री काय झालं असेल विचार करा. कोड दहा फायलींत, प्रत्येकात कुठे १.१२, कुठे ०.१२, कुठे १२ भागिले १००. माणूस दमलेला, तो फाइंड-रिप्लेस मारतो, १२ च्या जागी ५. दर बदलला. सोबत वार्षिक रिपोर्टमधले १२ महिनेही ५ झाले, आणि डझनाच्या बॉक्समधे ५ पाकिटं झाली. हे वाचून हसू येतंय पण असला रिप्लेस रात्री दोन वाजता सगळेच मारतात.

म्हणून पहिली पायरी सोपी: दर वर एका जागी नावाने ठेवा, पॅक_नमकीन_जीएसटी = १२, आणि बाकी सगळीकडे नावच वापरा. बहुतेक ट्युटोरियल इथेच थांबतात. पण या दुकानात ते पुरणार नाही आणि का ते नीट बघा. २२ सप्टेंबरला तुम्ही १२ चे ५ केले. २५ तारखेला ग्राहक १८ तारखेचं बिल घेऊन आला, पाकीट फुटलेलं निघालं, माल परत करायचाय. त्याच्याकडून टॅक्स १२ टक्क्यांनी घेतला होता, तर क्रेडिट नोटही १२ नेच निघायला हवी. तुमचं सॉफ्टवेअर ५ ने काढेल. किंवा सीएने ऑगस्टची बिलं परत प्रिंट मागितली आणि ती नव्या दराने छापून आली. गेली सगळी मॅचिंग.

म्हणजे दर हा नुसता आकडा धरून भागत नाही, त्याला तारीख चिकटलेली आहे. तर एक छोटं टेबल करा: मालाचा प्रकार, कधीपासून, किती टक्के. पॅक नमकीन, १२. पॅक नमकीन, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ५. आणि एक फंक्शन, टॅक्स_दर_शोधा, जे प्रकार आणि बिलाची तारीख घेतं आणि त्या दिवशी लागू असलेला दर देतं. आजची तारीख आतून गुपचूप काढायची नाही, बिलाची तारीख बाहेरून द्यायची. पुढच्या वेळी दर बदलला की टेबलमधे एक ओळ वाढेल, कोड तसाच राहील, आणि ती ओळ आठवडाभर आधी टाकून ठेवून निवांत झोपता येईल.

सगळ्याच आकड्यांना नाव द्यायला जाऊ नका मात्र. टक्के काढताना भागिले १०० असेल तर तिथे शंभर = १०० असं लिहिणारे मी पाहिलेत, त्याने कोणाचं भलं होत नाही.

तिसरं काम: ओळ फोडा

आता मधला गाभा. तीच ओळ, उघडून:

एकूण = ०
फॉर आयटम इन बिल_आयटम्स:
  मूळ_किंमत = आयटम.भाव * आयटम.प्रमाण
  टॅक्स_दर = टॅक्स_दर_शोधा(आयटम.प्रकार, बिल_तारीख)
  टॅक्स = मूळ_किंमत * टॅक्स_दर / १००
  एकूण = एकूण + मूळ_किंमत + टॅक्स
देय_रक्कम = राउंड(एकूण - (सूट ऑर ५))

एकाच्या सात ओळी झाल्या. "पण कोड वाढला ना" असं तुमच्या डोक्यात येईल. ओळी वाढल्या, खरंय, पण आता डिबगर (कोड चालता चालता थांबवून आत बघायचं टूल) मधल्या कुठल्याही ओळीवर थांबवता येतो आणि टॅक्स किती निघाला ते बघता येतं. आधीच्या ओळीत एरर आली असती तर पायथनने तीच एक ओळ दाखवली असती, ज्यात पाच गोष्टी एकदम चालल्या होत्या. आणि बिलावर टॅक्स वेगळा छापायचाय, तो आता आयता हातात आहे, जुन्या ओळीत तो कधी वेगळा निघतच नव्हता.

याहून मोठा फायदा वेगळाच आहे. ओळ फुटली की आत दडलेले प्रश्न वर येतात. शेवटच्या ओळीत सूट बघा, ती टॅक्स लावून झाल्यावर वजा होतेय. जीएसटीच्या कायद्यात विकतानाच बिलावर दाखवलेली सूट आधी किमतीतून जाते आणि उरलेल्यावर टॅक्स लागतो. १०० रुपयांचा पॅक माल, १० रुपये सूट, जुना १२ चा दर धरा: बरोबर हिशोबाने ९० वर १०.८० टॅक्स, ग्राहक १००.८० देणार. आपला कोड ११२ मधून १० काढून १०२ घेतोय. एक रुपया वीस पैसे, अशा प्रत्येक बिलात. एका ओळीच्या कोडात ही चूक शोधून दाखवा बरं.

आणि लगेच पुढचा प्रश्न, बिलात सुटं आणि पॅक दोन्ही असेल आणि दर वेगळे असतील तर ती १० रुपयांची सूट कोणावर टाकायची? हे आपण खुर्चीत बसून ठरवायचं नसतं, सेठजींना नाहीतर त्यांच्या सीएला विचारायचं असतं. पण विचारायला प्रश्न दिसायला तर हवा.

फोडायला लागलात की दुसऱ्या टोकाला जाऊ नका, तोही आजार आहे. दोन ओळींच्या कामाचं एक फंक्शन, ते दुसऱ्याला बोलावतं, ते तिसऱ्या फायलीतल्या चौथ्याला, आणि शेवटी आत फक्त बेरीज असते. असला कोड वाचताना माणूस टॅब उघडून उघडून विसरून जातो की शोधत काय होतो. फंक्शनला एक नीट नाव सुचत असेल आणि ते नाव वाचून आत न बघता पुढे जाता येत असेल तर फंक्शन काढा, नाव "प्रोसेस_हेल्पर_२" असंच सुचत असेल तर नका काढू.

लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (एका ओळीत फॉर लिहून लिस्ट बनवणं) वाईट आहे का, हेही विचारतात. अजिबात नाही, सगळ्या आयटमची नावं एका लिस्टमधे काढायची तर तेच बरोबर आहे. आत दोन फॉर, एक इफ आणि एक लॅम्डा शिरलं की उघडा. पायथनवाल्यांतसुद्धा यावर भांडणं झालीत, २०१८ मधे वॉलरस ऑपरेटरवरून (एकाच ठिकाणी किंमत ठेवायची आणि वापरायचीही, तो कोलन-बरोबर) एवढा वाद झाला की तो मंजूर केल्यानंतर गिडो व्हॅन रॉसमने, म्हणजे ज्याने भाषा बनवली त्यानेच, शेवटचा निर्णय देणाऱ्याच्या जागेवरून बाजूला व्हायचं ठरवलं. तेव्हा तुमच्या टीममधे एखाद्या ओळीवरून वाद झाला तर फार मनाला लावून घेऊ नका.

इफच्या आत इफ, त्याच्या आत इफ असेल तर नको असलेल्या केस आधी परत पाठवा. बिल रिकामं? रिटर्न. तारीख नाही? एरर. मग खरं काम डावीकडून सरळ सुरू करा. आणि सी, जावा, जावास्क्रिप्ट लिहीत असाल तर एका ओळीच्या इफलाही कंस लावा. ॲपलच्या आयफोनमधे २०१४ साली जी प्रसिद्ध चूक निघाली तिच्यात बिनकंसाच्या इफखाली "गो-टू फेल" ही ओळ दोनदा पडली होती, पहिली इफच्या ताब्यात, दुसरी मोकाट, ती दरवेळी चालायची, आणि त्यामुळे सुरक्षित कनेक्शनच्या सहीची तपासणीच टळायची. एवढ्या मोठ्या कंपनीच्या कोडमधे, एक जादाची ओळ.

चौथं काम: हुशारीच्या ट्रिका काढा

आता ती सूट. (सूट ऑर ५). लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की काउंटरवरच्या माणसाने सूट टाकलीच नाही तर ५ रुपये धर. पायथनमधे ऑरच्या डावीकडे रिकामं काही असेल तर उजवीकडचं मिळतं, आणि पायथनला शून्यही रिकामंच वाटतं. म्हणजे काउंटरवर कोणी मुद्दाम ० टाकलं, "याला सूट नाही", तरी सूट ५ च जाते. करून बघा: अर्धा किलो शेव २४० च्या भावाने, १२०, टॅक्स धरून १२६. दोन पाकिटं पन्नासची, १००, जुन्या दराने ११२. एकूण २३८, सूट ०. बिल येतं २३३. कोणी तक्रार करत नाही कारण पाच रुपये कमी लागले म्हणून कुठला ग्राहक परत येणार!

नीट लिहायचं तर:

इफ सूट इज नन:
  सूट = नेहमीची_सूट

नन म्हणजे पायथनमधे "काहीच दिलेलं नाही". दोन ओळी, आणि शून्य शून्यच राहतं. जावास्क्रिप्टवाल्यांनो, तुमच्याकडे दोन उभ्या दांड्यांनी हेच होतं, २०२० पासून दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर आलाय तो फक्त नल आणि अनडिफाईन्डलाच रिकामं धरतो, तो वापरा.

दुसरी ट्रिक राउंड. दुकानात साडेबारा रुपये झाले की १३ घेतात, शाळेतही तेच शिकवलं. पायथन ३ चं राउंड १२.५ चे १२ देतं आणि १३.५ चे १४, कारण ते बरोबर मधे अडकलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. बँकेच्या हिशोबात यालाही अर्थ आहे, पण सेठजींना तुम्ही तो अर्थ समजवायला जाऊ नका. आणि मुळात पैसे फ्लोटमधे (नेहमीच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात) ठेवूच नका, ०.१ अधिक ०.२ केलं की पायथन ०.३ आणि त्यापुढे पंधरा शून्यं आणि मग एक ४ असं उत्तर दाखवतो. एकतर सगळं पैशांत पूर्णांक ठेवा, १२० रुपये ५० पैसे म्हणजे १२०५०, किंवा डेसिमल वापरा आणि राउंड हाफ अप कसं करायचं ते स्पष्ट लिहून द्या.

पाचवं: कमेंट

"# टॅक्स मोजा" ही कमेंट टॅक्स मोजणाऱ्या ओळीवर लिहू नका, ते दिसतंय. कमेंटमधे कारण लिहा जे कोड वाचून कधीच कळणार नाही. जसं: "सूट आधी पॅक मालावर लावतो, सीएने असंच सांगितलंय, ऑक्टोबर २०२५." हे वाचून पुढचा माणूस कमीत कमी "हे काय वेड्यासारखं केलंय" म्हणून बदलून टाकणार नाही. जुनी झालेली कमेंट तर नसलेल्या कमेंटहून वाईट, कोडमधे ५ आणि वर लिहिलंय "१२ टक्के लावा", आता खरं कुठलं? आणि कमेंट करून ठेवलेला जुना कोड सरळ उडवा. गिटमधे आहे तो.

"पण छोटा कोड फास्ट चालतो ना?"

नाही. पायथन आधी तुमच्या कोडचा बाइटकोड बनवतो आणि फंक्शनमधली लोकल व्हेरिएबल्स तिथे नंबराने ओळखली जातात, नाव एक अक्षरी असो की वीस. ब्राउझरमधे जाणारं जावास्क्रिप्ट बारीक करावं लागतं हे खरं, पण ते काम बिल्ड टूल करतं, तुम्ही लिहायचं ते माणसासाठीच. खरंच काही हळू चालत असेल तर प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं टूल) लावून मोजा, बहुतेक वेळा डेटाबेसची एकच क्वेरी लूपमधे हजारदा चाललेली सापडते.

हा गैरसमज येतो कुठून ते मला माहीत आहे, कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंगमधून. तिथे घड्याळ लावलेलं असतं, कोड दोन तासांनी मरतो, तिथे ए, बी, डीपी अशीच नावं बरोबर. सगळ्यात गुंतागुंतीचा सी कोड लिहिण्याची तर एक आंतरराष्ट्रीय स्पर्धाच आहे, १९८४ पासूनची, तिचे विजेते कोड जरूर बघा, मजा येते. पण ती स्पर्धा आहे, आणि नोकरीत तुमचा कोड रविवारी सकाळी पोहे खाताना फोन आलेला कोणीतरी दुसरा वाचणार आहे. आता तर एआय टूल अर्धा कोड लिहून देतं, म्हणजे तुमचं वाचायचं काम वाढलंच. त्याने दिलेल्या कोडात डेटा आणि रिझल्ट अशी नावं आली तर ती बदला, तुम्ही कमिट केलं की तो तुमचा कोड.

शेवटी: दुसऱ्याला दाखवा, मग लाइव्ह टाका

फॉरमॅटर लावा, पायथनला ब्लॅक, जावास्क्रिप्टला प्रीटियर, म्हणजे स्पेसवरून भांडायचं काम उरत नाही. मग शेजारच्या खुर्चीवरच्याला बोलवा, हा कोड ज्याने कधीच बघितला नाही असा, आणि त्याला मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही गप्प बसा. तो जिथे अडेल तिथे तोंडी समजावून सांगू नका, तिथलं नाव बदला किंवा ओळ फोडा, कारण पुढच्या वेळी समजवायला तुम्ही तिथे नसाल.

कमिट असे वेगळे पाठवा: एक नावांचा, एक दरांच्या टेबलचा, एक ओळ फोडल्याचा. या तिन्हींनंतर सुरुवातीला लिहून ठेवलेली बिलं तीच उत्तरं देतायत ना बघा. त्यानंतर चुकांचे वेगळे: शून्य सूट, राउंड, टॅक्सच्या आधी सूट. "फिक्स" असा एका शब्दाचा मेसेज नको, "सूट ० टाकल्यावर ५ रुपये वजा होत होते, आता ० च राहते" एवढं तरी लिहा. चुकांच्या प्रत्येक कमिटमधे टेस्टचं उत्तर मुद्दाम बदलेल, त्या संशयास्पदच्या खुणा आता काढा.

शून्य सुटीचा बदल टाकायच्या आधी सेठजींना फोन करा. ठरलेल्या गिऱ्हाइकांचं बिल उद्यापासून पाच रुपयांनी वाढलेलं दिसणार आहे आणि काउंटरवरचा पोरगा त्यांना काय सांगणार ते आधी ठरलेलं असू दे, कदाचित सेठजी म्हणतील की राहू दे पाच रुपये, मग ती नेहमीची सूट म्हणून टेबलमधेच टाका. आणि हे सगळं दिवाळीच्या आठवड्यात किंवा रंगपंचमीच्या गेरच्या (मिरवणुकीच्या) दिवशी लाइव्ह करू नका. साधा मंगळवार-बुधवार बघा, सकाळी शटर उघडायच्या आधी टाका, आणि पहिली काही बिलं काउंटरमागे उभं राहून स्वतः बघा.